थर्मासातली पेज

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना मी सासूबाईंना लेखी आदेश दिला होता. लेखी म्हणजे अगदी फुलस्केप कागदावर. वर 'विषय : बाळाच्या आहाराबाबत', खाली एक ते नऊ मुद्दे आणि शेवटी 'वरील सूचनांचे काटेकोर पालन व्हावे'. मी सरकारी कचेरीत कारकून, मला दुसऱ्या कुठल्या भाषेत धड भांडताच येत नव्हतं. सासूबाईंनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "सही कुठं करू?"

सही नको, फक्त पाळा, असं मी म्हटलं.

"मंग आवक नंबर तरी टाकून दे," त्या म्हणाल्या. सासरे हयातभर रेल्वेत बाबू होते, त्यामुळे आवक-जावक सासूबाईंना माझ्याइतकंच कळत होतं. मी कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला, गॅसच्या बरोबर वर चिकटवला.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. राजनांदगावच्या एका कचेरीत माझं बरं चाललं होतं, तेवढ्यात छत्तीसगढ राज्य वेगळं झालं आणि माझी बदली इथे झाली. आमचं नवं कार्यालय शंकर नगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात होतं. भोपाळहून आलेल्या फायलींच्या पेट्या अंगणात पडल्या होत्या आणि माझं टेबल लागलं होतं त्या बंगल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात. ओट्यावर फायली, मोरीत मोडक्या खुर्च्या. घरी स्वयंपाकघर, कचेरीतही स्वयंपाकघर, म्हणून मी रोज चिडायची.

आमचं घर तिथून थोडं पुढे, नव्या वसाहतीत होतं. वसाहतीला लागूनच एक जुना पारा होता, म्हणजे छत्तीसगढी लोकांची जुनी वस्ती. माझी बाळंतपणाची रजा संपली, तिला जोडून घेतलेली रजाही संपली, तेव्हा गोंदियाला थोरल्या दिरांकडे राहणाऱ्या सासूबाई नातीला सांभाळायला आल्या. आल्या त्या एक पिशवी आणि "मी आहे ना" एवढं घेऊन. मला त्या वाक्याचा आधार वाटायला हवा होता. मला आली शंका. कारण त्यांनी आल्या आल्या पोरीला उचललं आणि पदराने तिचं तोंड पुसलं, आणि त्या पदराने त्यांनी गोंदिया ते रायपूर काय काय पुसलं असेल याचा हिशोब माझ्या डोक्यात सुरू झाला.

स्वच्छतेच्या बाबतीत मी जरा जास्तच होते, हे आज कबूल करते. पोरीची वाटी आणि चमचा मी दहा मिनिटं उकळायची, घड्याळ लावून. पिण्याचं पाणी उकळायची, गाळायची आणि झाकायची. तांदूळ आणि मूगडाळ तीन पाण्यांनी धुऊन, सावलीत वाळवून, भाजून, दळून भरड करायची, आणि ती भरड ठेवलेल्या डब्याला घरात कुणी हात लावलेला मला खपत नसे. त्या भरडीची पेज मी सकाळी सातला शिजवायची. आठला पोरीला भरवायची, आणि दुपारच्या दोन वेळची पेज थर्मासमध्ये भरून ठेवायची.

तो थर्मास माझा अभिमान होता. गोल बाजारात अर्धा तास घासाघीस करून आणलेला, स्टीलचा, लाल झाकणाचा. सकाळी सातला भरलेली पेज दुपारी चारलाही गरम निघेल, असा दुकानदाराचा शब्द होता. मी दहाला घरातून निघताना सासूबाईंना बजावायची, "आई, बाराला अर्धी, चारला अर्धी. गॅस पेटवायचंच काम नाही. सगळं गरम आहे." एकीकडे पोरगी, एकीकडे पेटता गॅस, ही धावपळ त्यांच्यामागे नको, असा माझा उदात्त हेतू होता. शिवाय त्यांनी माझ्या भरडीच्या डब्यात हात घालू नये, हा कमी उदात्त हेतूही होता.

मी कामावर रुजू झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात पोरीला जुलाब लागले. तीन दिवसांत तिचे गाल उतरले. डॉक्टरांनी विचारलं, हात धुता का, पाणी उकळता का, ताजं शिजवलेलं देता का. मी तिन्ही प्रश्नांना ठणकावून हो म्हटलं. ताजंच तर होतं, त्याच सकाळी शिजवलेलं. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायला सांगितलं, पोरगी पुढे बरी झाली, पण मी परतताना रिक्षातच ठरवून टाकलं की हे सासूबाईंच्या हाताचं काम आहे. तो नऊ कलमी आदेश निघाला तो त्याच संध्याकाळी.

त्यातली पहिली चार कलमं साबणाबद्दल होती. पाचवं, पोरीचं अन्न पदराने झाकायचं नाही. सहावं, फुंकर मारायची नाही. सातवं, पोरीच्या अन्नाची चव कुणीही, कोणत्याही कारणाने घ्यायची नाही, कारण सासूबाईंना सगळं आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायची सवय होती. आठवं, पोरीला हात लावण्याआधी पाहुण्यांनीही हात धुवावेत. नववं माझ्या नवऱ्यासाठी होतं. तो रेल्वेच्या मालधक्क्यावरून धुळीने काळाकुट्ट होऊन यायचा. त्याने कागद वाचला, नवव्या कलमावर बोट ठेवून "मंजूर" म्हणाला आणि या युद्धातून अंग काढून घेतलं.

आदेश काढणं सोपं असतं, अंमलबजावणी बघावी लागते. मी साबणाच्या वडीवर नखाने बारीक रेघ ओढून ठेवायला लागले. संध्याकाळी रेघ तशीच दिसली, तर साबण वापरलेला नाही. पहिल्या दिवशी रेघ गेलेली. दुसऱ्या दिवशी गेलेली. चौथ्या दिवशी वडीच निम्मी झालेली.

"आई, साबण इतका कसा संपला?"

"धुऊन राहिली ना हात. तू रेघ मारते, मी मिटवते. तुले रेघाच मारायच्या असतीन तं वहीवर मार, साबण काहून खराब करते?"

आठव्या कलमाचं तर त्यांनी शस्त्रच केलं. एका रविवारी आमचे साहेब बायकोसह घरी आले. बाईंनी पोरीचा गाल धरायला हात पुढे केला, तोच सासूबाई तांब्या आणि साबण घेऊन मधे उभ्या राहिल्या. "मॅडम, पहले हाथ धो लो. बहू का ऑर्डर है." बाई गोंधळून हसल्या. सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "लिखा हुआ है, दीवार पे. कलम आठ." साहेबांनी स्वतः जाऊन वाचलं आणि मसुदा चांगला आहे म्हणाले. सोमवारपासून मसुद्यांची जास्तीची कामं माझ्याकडे आली.

एवढं सगळं होऊनही महिनाभराने पोरगी पुन्हा आजारी पडली. या वेळी जास्त. डॉक्टरांनी वजन केलं, कार्डाकडे बघितलं आणि आवाज न चढवता सांगितलं की मूल वाढायच्या ऐवजी उतरतंय. तिसऱ्यांदा असं झालं तर भरती करून सलाईन लावावं लागेल. एवढ्याशा मनगटात सुई कुठे टोचणार, हा एकच विचार मी घरी येईपर्यंत करत होते. आणि घरी आल्यावर माझी जीभ सुटली. "आई, आता तिसऱ्यांदा झालं ना, तं मी तुम्हाले गोंदियाच्या गाडीत बसवून देईन. माझी आई येईल नागपूरहून. तिच्या हाताने तरी पोरगी जगेल."

मी लगेच नागपूरला फोन लावला आणि आईला सांगितलं की तयारीत राहा, इथे सासूबाईंच्या हाताने पोरीचे हाल होताहेत. सासूबाई शेजारच्या खोलीत दुपट्यांच्या घड्या करत होत्या. त्यांना ऐकू जावं एवढ्या मोठ्याने मी बोलले, आणि मुद्दाम बोलले.

त्यानंतर मात्र नवल घडलं. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. पोरगी साफ बरी. गाल भरले, मांड्यांना वळ्या पडल्या. डॉक्टरांनी कार्डावरची रेघ वर नेली आणि विचारलं, काय बदल केला? मी म्हटलं, शिस्त. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कचेरीत, शेजारी, फोनवर, जिथे म्हणून कान सापडेल तिथे मी माझ्या नऊ कलमांची आणि थर्मासची शेखी मिरवू लागले. आपल्या धाकामुळे सासू सुधारली, हे मी थेट म्हणत नव्हते. पण ऐकणाऱ्याला ते कळेल एवढी काळजी नक्की घेत होते.

एकच गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. दूधवाल्या बाईची तांबडी गाय रविवारी बरोबर बाराच्या ठोक्याला आमच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. रविवारी थर्मासला सुट्टी, मी स्वयंपाकघरात ताजी पेज करत असले की ती खिडकीतून माझ्याकडे टक लावून बघायची, आणि अर्ध्या तासाने नाराज होऊन निघून जायची. मी सासूबाईंना विचारलं, तर "तिले काय, गाय आहे, कुठंही उभी राहते," म्हणून त्या भाजी निवडत राहिल्या. ताकास तूर लागू दिली नाही.

पाऱ्यातल्या अंगणवाडीची दीदी आमच्याच रस्त्याने जायची. माझी कीर्ती तिच्याही कानावर गेली. तिने एका बुधवारी दुपारी तीनला पाऱ्यातल्या आयांना जमवायचं ठरवलं आणि मला म्हणाली, दीदी, तुम्ही नोकरी करून मूल एवढं गुटगुटीत केलं, आमच्या बायकांना दोन शब्द सांगा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी सातला नेहमीसारखी पेज करून थर्मास भरला होताच. बाराची वाटी काढल्यावर तो पुन्हा उघडू नका, प्रात्यक्षिकाला न्यायचा आहे, असं सासूबाईंना बजावून ठेवलं. सासूबाई पोरीला कडेवर घेऊन माझ्यामागे आल्या आणि सतरंजीच्या टोकाला भिंतीशी बसल्या.

पंधरा-वीस बायका होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक मूल. मी साबणाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, वाटी-चमच्याचं सांगितलं. त्या माना डोलावत "हव, हव" म्हणत होत्या. मग मी थर्मास वर धरला. "और ये देखिए. सुबह सात बजे पेज बनाओ, इसमें डालो, शाम चार बजे तक गरमागरम. न चूल्हा, न झंझट."

पुढे बसलेल्या एका बाईच्या मांडीवर हडकुळं बाळ होतं, सारखं कुरकुरणारं. ती रोज बांधकामावर जायची. नव्या राजधानीत तेव्हा जिकडे तिकडे बांधकामंच चालली होती. तिने विचारलं, "दीदी, मैं सुबह काम पे जाने से पहले भर के सास को दे दूँ, तो दिनभर चलेगा?"

"क्यों नहीं चलेगा? मेरा तो यही चलता है," मी म्हटलं आणि थर्मास तिच्या हातात दिला. तिने पदराला हात पुसून तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि शेजारणीला सांगितलं की उद्याच घरच्याला गोल बाजारात पाठवते.

तेव्हा भिंतीशी सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"मत मंगाना, बाई," त्या म्हणाल्या. "इसमें का पेज हमारी पोट्टी नहीं खाती. वो गाय खाती है."

सगळ्यांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी हसले, म्हातारी थट्टा करतेय असं दाखवायला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला शेजारच्या बाईकडे दिलं, पुढे आल्या, थर्मासचं झाकण उघडलं आणि तो अंगणवाडीच्या दीदीच्या नाकाशी धरला. दीदीने वास घेतला आणि माझी नजर टाळली. मग थर्मास सतरंजीवरून हाताहातांनी फिरला. सगळ्याच बायकांनी एकेक करून माझ्या अभिमानाचा वास घेतला. "खट्टा महकत हे," मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटी तो माझ्यापाशी आला. हलकी, कोमट वाफ निघत होती. वाफेखाली आंबूस वास होता, हलका, पण होता. इतक्या महिन्यांत मी तो थर्मास सकाळी भरला होता आणि संध्याकाळी उकळत्या पाण्याने धुतला होता. दुपारी उघडून एकदाही बघितला नव्हता.

दीदीने तिचं चित्रांचं पुस्तक काढलं आणि माझा मान राखत राखत, माझ्याकडे पाठ करून बायकांना वाचून दाखवलं की शिजवलेलं दोन तासांच्या आत भरवायचं, त्यानंतर बाळाला द्यायचं नाही. कोमट कोमट ठेवलं तर जंतू त्यात आणखी वाढतात. बांधकामावर जाणाऱ्या बाईने सासूबाईंना विचारलं, मग मी काय करू? सासूबाईंनी तिला मूठभर भरड कशी काढून द्यायची, सासूला चुलीवर दोन उकळ्या कशा काढायला सांगायच्या, हे हातवारे करून समजावलं. माझं भाषण तिथेच संपलं. आभार मानायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

परतताना मी पुढे आणि सासूबाई मागे. फाटकापाशी मी थांबले. मला राग आला होता, आणि तो कुणाचा ते कळत नव्हतं. "कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्या खेपेले पोरगी पडली ना, तवापासून. मी म्हटलं, हात तं मी धुऊन धुऊन सोलून काढले, मंग हे येते कुठून? तू ऑफिसात गेली, आन मी चार वाजता थोडं वाटीत काढलं अन् तोंडात टाकून पाहिलं. चव उतरली होती. दुसऱ्या दिवशीपासून दोन्ही वेळा ताजी करून राहिली. तुह्या डब्यातली भरड घेतो, तेवढीच आणखी भाजून टाकतो, तुले समजू नाही म्हणून."

माझ्या नाकावर टिच्चून एक महिना! डबा रोज तेवढाच भरलेला दिसायचा, आणि तो मी आत बोट घालून मोजायची.

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? चव घेतली म्हणू? सात नंबरच्या कलमावरच भांडली असती तू. अन् नाही मानलं असतं. तू म्हणाली असती, म्हातारी स्वतःचं पाप थर्मासवर ढकलून राहिली." त्यांनी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तू म्हटलं होतं ना, तिसऱ्यांदा झालं तं गाडीत बसवून देईन. म्या म्हटलं, होऊच द्यायचं नाही. मले जायचं नव्हतं इथून. एवढंच."

"पण मग आज काहून बोलल्या?"

"माह्या घरात मी रोज फेकू शकत होतो. त्या बाईच्या घरात कोण फेकीन?"

दोन्ही वेळचे जुलाब, ते उतरलेले गाल, डॉक्टरांचा तो शांत आवाज, सगळ्याचं खापर मी ज्या हातांवर फोडलं होतं, त्या हातांनी महिनाभर मला चोरून माझी पोरगी वाचवली होती. आणि विष म्हणावं तर ते मी स्वतः रोज सकाळी सातला, घड्याळ लावून, उकळलेल्या चमच्याने भरून ठेवत होते. मला इतकी लाज वाटली की मी तिथेच फाटकाला धरून रडले. सासूबाईंनी मला रडू दिलं. समजूत वगैरे घातली नाही, आणि ते बरोबरच होतं.

घरात आल्यावर मी नागपूरला फोन लावला. सासूबाई मागच्या वेळच्याच खोलीत होत्या. मी पुन्हा मोठ्याने बोलले, आणि पुन्हा मुद्दाम.

"आई, तू येऊ नको. आणि ऐक, मी तुला खोटं सांगितलं होतं. पोरगी सासूबाईंच्या हाताने नाही, माझ्या हाताने आजारी पडत होती. त्यांनीच तिला बरं केलं. दादालाही सांग, मावशीलाही सांग. ज्यांना ज्यांना तू माझं आधीचं सांगितलं असशील, त्या सगळ्यांना सांग."

आई म्हणाली, तिने आधीच पिशवी भरून ठेवली होती, आता नातीला नुसतं बघायला आली तर चालेल का? मी रिसीव्हरवर हात ठेवला आणि सासूबाईंना विचारलं. असं त्यांना काही विचारायची माझी ती पहिलीच वेळ होती. दारात येऊन त्यांनी बराच विचार केल्यासारखं केलं.

"विहीणबाईले म्हण, खुशाल या," त्या म्हणाल्या. "पोरीले भरवीन मात्र मीच."

मी ते आईला तसंच्या तसं सांगितलं.